छातीखालचं ऊन

नवतप्याचा चौथा दिवस, मानेवाड्यात सेहेचाळीस.
माझ्या कपाळावर घाम, मानेवर घाम,
काखेत ओल.
आणि छातीवर जणू कोणी खडूनं रेघ मारलेली,
तिथून खाली सगळं कोरडं.
पोट, मांड्या, पोटऱ्या. तापल्या टिनाच्या पत्र्यासारखे पाय,
ज्यांचा चटका फक्त कुंदाच्या तळहाताला कळतो.

बावीस उन्हाळे मी लोकांच्या खिडक्यांना कूलर लावले.
खसच्या ताटीवर पहिलं पाणी पडलं की सुटणारा वास,
टुल्लू पंपाचा बोटाला बसणारा बारका झटका,
सगळं ओळखायचो.
तिसऱ्या माळ्याचा तो छज्जा तेवढा ओळखता आला नाही.

नाकाडे मॅडम पाय हलवून देता देता सांगत,
दोन लायनी असतात, गुणवंतभाऊ.
एक पळवणारी. छातीच्या नि कमरेच्या मणक्यांतून निघते,
काळीज धडधडवते, नसा आवळते, घाम फोडते.
दुसरी निजवणारी, पचवणारी.
तिचं एक टोक कवटीच्या बुडाशी,
दुसरं पार खाली, माकडहाडाच्या वर.
मधल्या मुलखात तिचं घर नाही.

आणि बटन?
बटन नाही, म्हणाल्या. तुमच्या हाती कधीच नव्हतं.

म्हणजे इतकी वर्षं
मी शिडीवर दातात स्क्रू धरून उभा,
तेव्हा आत कोणीतरी
उन्हात बाहुली बारीक करत होतं डोळ्याची,
डब्यातली भाकर पुढे ढकलत होतं,
तोल गेला की काळजाला टाच मारत होतं,
मला न विचारता, मजुरी न मागता.
आणि गिऱ्हाइकाला मी सांगायचो,
मी घाम गाळतो साहेब, दोन पैसे जास्त द्या.

निजवणारीतली एक नस भटकी आहे.
गळ्यातून उतरते, मणक्यांच्या बोळात शिरतच नाही,
म्हणून वाचली.
शेजारी सावजी रस्सा उकळला
की अजून पोटात कावळे ओरडतात.
मी पडलो, हे कावळ्यांना कोणी कळवलंच नाही.

परवा रात्री डोकं फुटायला आलं.
तोंड लालबुंद, घामानं उशी भिजली,
दंडावर काटा, आणि नाडी मात्र हळू, अठ्ठेचाळीस.
खाली काहीतरी अडलं होतं.
खालच्यांनी हाक मारली, पण पाठीतला पूल पडलेला,
मग त्यांनी आपल्याच मतानं सगळ्या नसा आवळल्या.
वर मेंदूला दिसला फक्त चढलेला दाब.
त्यानं भटकीला सांगितलं, काळजाला आवर.
काळीज आवरलं.
आणि खालच्यांना दुसरा हुकूम काढला, सोडा, ढिलं सोडा.
तो हुकूम छातीच्या रेघेपाशी आला
आणि उभा राहिला.

कुंदानं मला बसवलं, पाय खाटेखाली सोडले.
मॅडमनी लिहून दिलेला कागद देवाच्या फोटोमागे असतो,
तिनं तो काढलासुद्धा नाही.
मांडीखाली हात घातला.
लघवीची नळी दुमडली होती.
सरळ केली, पिशवीत धार पडल्याचा आवाज आला,
आणि हळूहळू, जसा लाइट गेल्यावर पंखा थांबतो,
डोक्यातला घण थांबला.
"नळीच होती जी," ती म्हणाली,
आणि मग भिंतीला टेकून कितीतरी वेळ
तिचंच काळीज पळत राहिलं.

आज दुपारी सारंगचा फोन, हुडकेश्वरहून.
बाबा, पंप चालतो, पण पाणी ताटीवर चढत नाही.
मी म्हटलं, पंपाला हात लावू नको बे,
आधी पाइप चाचपून बघ, कुठं दुमडला काय.

कुंदा जुन्या लुगड्याचं फडकं बादलीत बुडवते,
माझ्या पायांवर पसरते, कूलरचं तोंड इकडे वळवते.
वाळलं की पुन्हा बुडवते.
माझ्या पायांचा घाम
तिच्या कोपरावरून फरशीवर गळतो.